सगळा दोष टिपचा

मुंबईत खेळात हरलेल्या माणसाला कारणांची टंचाई कधीच भासत नाही. क्रिकेटवाल्याला खेळपट्टी आहे, बुद्धिबळवाल्याला समोरच्याचं सतत पाय हलवणं आहे, पत्तेवाल्याला तर भिडू आहेच. पूल आणि स्नूकर खेळणाऱ्याची मात्र पंचाईत होते. त्याच्या टेबलाच्या कापडाखाली दगडी पाट्या असतात, त्याही लेव्हल लावून बसवलेल्या. बारा फुटी स्नूकर टेबलाला अशा पाच पाट्या लागतात आणि सगळं मिळून वजन टनाच्या वर जातं. तेव्हा अंगण वाकडं म्हणायची सोय नाही. बॉल गोल आहेत हे शत्रूही मान्य करील. दिवा डोक्यावर, ऊन नाही, वारा नाही, प्रेक्षक तर बहुधा नाहीतच. मग शॉट चुकला की खापर फोडायचं कुठे? क्यूच्या, म्हणजे मारायच्या काठीच्या, टोकावर. तिथे चामड्याची एक चकती चिकटवलेली असते. स्नूकरच्या क्यूवर ती साधारण 9 ते 10 मिलीमीटर रुंद असते, पूलच्या क्यूवर 12 ते 13. तिला टिप म्हणतात. दक्षिण आणि मध्य मुंबईच्या क्लबांत रोज संध्याकाळी जेवढ्या चुका होतात, त्या सगळ्या ही चकती निमूटपणे आपल्या अंगावर घेते.

ज्याचं लहानपण गिरगावच्या किंवा लालबागच्या चाळीत गेलं, त्याला यात नवल वाटणार नाही. हेच नाटक त्याने कॅरमच्या बोर्डाभोवती पाहिलेलं असतं. मंडळाच्या खोलीत वरून टांगलेला दिवा, बोर्डावर बोरिक पावडर, आणि कडेला नंबर लावून उभी असलेली पोरं. सोंगट्या मंडळाच्या, पावडर मंडळाची, पण स्ट्रायकर मात्र ज्याचा त्याच्या खिशातून निघणार, तोही रुमालात गुंडाळलेला. नियमाप्रमाणे स्ट्रायकरचं वजन 15 ग्रॅमच्या वर आणि व्यास 4.13 सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. एवढ्याशा जागेत वैविध्य ते किती असणार? पण 'हा जड आहे', 'हा पळत नाही', 'याची कड गेलीय' असं म्हणत माणसं धोबी तलावच्या खेळसामानाच्या दुकानांत काउंटरच्या काचेवर एकामागून एक स्ट्रायकर सरकवत बसतात. पूर्वी हस्तिदंती स्ट्रायकर असत, आणि ज्याच्याकडे तो असे त्याला चाळीत वजन असे. पुढे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. हत्ती सुटले आणि हरणाऱ्यांची एक सबब कायमची गेली. 2018 साली दक्षिण कोरियात कॅरमचा विश्वचषक जिंकणारे मुंबईचे प्रशांत मोरेही त्याच 15 ग्रॅमच्या मर्यादेत खेळतात, हे अशा वेळी कोणी बोलून दाखवत नाही.

पूल या वस्त्यांत उशिरा आला. बिलियर्ड्स आणि स्नूकर होते, पण ते मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांत, मेंबरांसाठी, शांततेच्या पाटीखाली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग ॲली आणि पूलची टेबलं आली. जिथे कधी काळी साचे चालत, तिथे साचेवाल्यांची नातवंडं पंधरा रंगीत बॉल त्रिकोणात रचू लागली. पुढे गल्लीबोळांत तासाच्या भावाने पार्लर निघाली आणि कॅरमवर घासलेली बोटं क्यूवर आली. कॅरममध्ये बोटाला टिप बसवता येत नाही. नख आहे ते आहे. इथे मात्र मारण्याचं टोक चक्क बदलून मिळतं म्हटल्यावर पोरं हरखली नसती तरच नवल.

या चकतीचा उगम तुरुंगात आहे, आणि ही गोष्ट क्लबमध्ये कोणी सांगत नाही. फ्रान्स्वा मँगॉ नावाचा एक फ्रेंच कप्तान राजकीय कारणावरून कैदेत पडला. कैदेत बिलियर्ड्सचं टेबल होतं. आर्थर रोडकडून येताजाताना ज्यांनी तुरुंगाची भिंत पाहिली आहे, त्यांना हे पटायला थोडा वेळ लागेल, पण होतं. तोवर क्यू म्हणजे नुसतं लाकडी टोक. बॉलच्या मध्याला सोडून जरा बाजूला मारलं की ते घसरायचं. मँगॉने टोकाला चामडं लावलं आणि बॉल त्याचं ऐकू लागला. 1807 च्या सुमारास तो बाहेर पडला आणि लोकांना दाखवू लागला, की समोरच्या बॉलवर आपटलेला पांढरा बॉल उलट पावली परत येतो. प्रयोग अपुरा राहिला म्हणून त्याने शिक्षा थोडी वाढवून मागितली होती, अशी दंतकथा आहे. खरी-खोटी कशीही असो, टिपवर प्रयोग करणाऱ्यांना ती लगेच पटते. घरी 'येतोच' म्हणून सांगून रात्री अकरापर्यंत क्लबात बसणाऱ्यांची ती कुलकथा म्हणायला हरकत नाही.

दुसरा पूर्वज इंग्लंडातल्या बाथ गावचा, जॅक कार. हा बिलियर्ड्सचा मार्कर होता, म्हणजे गुण मांडणारा नोकर. 1820 च्या दशकात तो डबीतून एक 'ट्विस्टिंग पावडर' विकू लागला. टिपला लावली की बॉल हवा तसा फिरतो, असा त्याचा दावा. साहेब लोकांनी चांगले पैसे मोजून डब्या घेतल्या आणि बॉल खरोखरच फिरू लागला. मग कळलं की डबीत निव्वळ खडूची पूड होती. फसवणूक म्हणावी तर माल चालत होता, आणि प्रामाणिक व्यवहार म्हणावा तर नाव फारच मोठं होतं. आज जो निळा ठोकळा खेळाडू टिपवर घासतो त्यात खडू नसतोच. 1897 साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून त्यात सिलिका आणि घासणारे दगडी कण असतात. तरी सगळे त्याला चॉकच म्हणतात, आणि रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये निळी बोटं घेऊन बसलेला माणूस कुठून आला हे जाणकाराला विचारावं लागत नाही.

मार्कर मात्र मुंबईत अजून आहे, आणि टिप या विषयावर त्याचाच शब्द शेवटचा. जुन्या जिमखान्यातला मार्कर टेबलाला ब्रश मारतो, मग इस्त्री करतो. ज्यांचे स्वतःचे शर्ट नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे चार-चार दिवस पडून असतात, ते मेंबर टेबलाला रोज इस्त्री झाली नाही तर सेक्रेटरीकडे तक्रार करतात. टिप लावणं हेही मार्करचंच काम. जुनी टिप ब्लेडने कापायची, क्यूच्या पितळी टोपीचं तोंड सपाट करायचं, नव्या टिपचा तळ सँडपेपरवर घासायचा, गोंदाचा एक थेंब, दाबून धरायचं, मग कडा छाटून माथा गोल करायचा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्याआधीचा संवाद मात्र लांबतो.

"मामा, टिप बदलायचीय."

"गेल्या महिन्यात लावली ना साहेब?"

"ती फार हार्ड आहे हो. आता मीडियम लावा."

"मीडियमच आहे ती."

"हो? मग सॉफ्ट लावा."

अनुभवी मामा अशा वेळी वाद घालत नाहीत. क्यू आत नेतात, तीच टिप सँडपेपरने जरा खरखरीत करतात, माथा गोल करून आणून देतात. साहेब पहिले तीन बॉल पॉट करतात आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "बघा, म्हटलं नव्हतं? फरक पडतो!" यात साहेबांची चूक नाही. खेळून खेळून टिप चमकते, चमकली की चॉक धरत नाही, चॉक नसला की मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते. घासल्यावर फरक पडणारच. फक्त तो फरक सँडपेपरचा असतो, आणि सँडपेपर नागदेवी स्ट्रीटवरच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो.

पण स्वस्तात आलेलं समाधान कोणाला हवंय? म्हणून बाजारात टिपांची एक अख्खी वंशावळ तयार आहे. एल्क मास्टर ही शिकागोच्या कंपनीची, चामड्याच्या एकाच तुकड्याची, स्नूकरवाल्यांची जुनी आवडती. ती पन्नासच्या डबीत येते आणि त्यातल्या दोन टिपा एकमेकींसारख्या निघतील याची खात्री नसते. त्यामुळे डबी उघडणारा माणूस एकेक टिप नखाने दाबून बघतो, टेबलाच्या लाकडावर टाकून तिचा आवाज ऐकतो आणि पन्नासातून चार-पाच बाजूला काढतो. बाजारात हापूसची पेटी बघतानाही माणसं एवढी गंभीर नसतात. त्यानंतर येतात थरांच्या टिपा. जपानच्या मूरी आणि कामुई, थायलंडची तालिस्मन. डुकराच्या चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून त्या करतात आणि एकेका टिपचा भाव एल्क मास्टरच्या डबीची आठवण करून देतो. श्रावणात कांदा-लसूणही न खाणारे गिरगावातले सद्‌गृहस्थ कामुईची टिप तर्जनीने हळुवार चाचपताना दिसतात. त्या क्षणी चामडं कोणाचं हा प्रश्न कोणी काढत नाही, आणि काढूही नये.

पुढे आणखी एक शाखा आहे, फिनॉलिक टिपांची. ही चामड्याची नसतेच. कडक रेझिनची असते, फक्त ब्रेक, म्हणजे डाव फोडणारा पहिला फटका, मारण्यासाठी. चाळीतल्या दिव्याच्या जुन्या काळ्या बटणांचा बेकलाइट याच कुळातला. तिने ब्रेक मारला की असा कडाडा होतो की शेजारच्या टेबलावरचा माणूस आपला शॉट चुकवतो आणि आपल्या टिपकडे बघतो.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी तर कहर केला. ते एल्क मास्टर रात्रभर दुधात भिजत घालतात, मग वाळवून व्हाइसमध्ये आवळून ठेवतात. टिप आक्रसते, कडक होते, आणि जास्त दिवस टिकते असं ते म्हणतात. या प्रकाराला तिथे 'मिल्क डड' असं एका चॉकलेटच्या गोळीचं नाव आहे. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या आणि शास्त्रज्ञांना पृष्ठताण समजावून सांगावा लागला होता. टिप दूध पिते यासाठी शास्त्रज्ञाची गरज नाही. चामडं आहे, पिणारच. परळच्या एखाद्या वन-रूम किचनमध्ये हा प्रयोग करायचा तर अडचण निराळी आहे. फ्रीजमधल्या वाटीभर दुधात निळसर काय तरंगतंय, याचं उत्तर सकाळी चहा करणाऱ्या व्यक्तीला आधी द्यावं लागेल.

या सगळ्यात मुंबईपुरता खरा खलनायक वेगळाच आहे आणि त्याच्यावर कोणी रीतसर आरोप ठेवत नाही. तो म्हणजे पाऊस. टेबलाचं कापड लोकरीचं. जूनची पहिली सर आली की ते हवेतलं पाणी धरतं आणि बॉल अडखळायला लागतात. परवा जो शॉट भोकापर्यंत गेला तोच आज वीतभर आधी बसतो. चामडंही दमट होऊन मऊ पडतं, चॉक ओलसर होऊन गुठळ्या करतो. मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर असतात ते काही उगाच नाही. कॅरमवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. पावसाळ्यात बोर्ड दिव्याखाली तापवून घेणं आणि पावडर दुप्पट मारणं हे मंडळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूलवाला मात्र छत्री कोपऱ्यात ठेवतो, ओल्या हाताने क्यू उचलतो, दोन शॉट चुकवतो आणि मामांना हाक मारतो. जुलै-ऑगस्टमध्ये टिपा सर्वाधिक बदलल्या जात असतील, तर त्यात चामड्याचा हात कमी आणि वेधशाळेचा जास्त.

बरं, या टिपांनी पडतो तरी किती फरक? हा प्रश्न खेळाडूला आवडत नाही, म्हणून एका प्राध्यापकाने विचारला. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत यंत्रअभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्शियाटोरे, ज्यांना पूलच्या जगात 'डॉक्टर डेव्ह' म्हणतात, त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हे सगळं टिपलं. टिप आणि बॉल यांची भेट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. तेवढ्यात 'मऊ टिप बॉलला धरून ठेवते', 'कडक टिप त्याला निसटू देते' वगैरे क्लबातला सगळा तत्त्वविचार उरकायचा असतो. निष्कर्ष असा, की टिप घसरली नाही तर स्पिन किती येणार हे तुम्ही बॉलच्या मध्यापासून किती बाजूला मारता आणि किती जोरात मारता यावर ठरतं. टिप मऊ की कडक, याने स्पिनमध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही. कडक टिप जोर थोडा जास्त पोचवते, एवढंच. म्हणून तर फिनॉलिक ब्रेकला. आणि मध्यापासून बॉलच्या निम्म्या त्रिज्येपलीकडे, म्हणजे पूलच्या बॉलवर सुमारे 14 मिलीमीटरच्या पलीकडे मारलं, की चॉक लावलेली कुठलीही चामडी टिप घसरणारच, मग ती जपानहून आणलेली असो की धोबी तलावहून. शिवाय 'सॉफ्ट', 'मीडियम', 'हार्ड' यांना सगळ्या कंपन्यांना लागू असं माप नाही. एकीची मीडियम ती दुसरीची हार्ड. म्हणजे वरच्या संवादातले साहेब आणि मामा दोघेही एकाच वेळी बरोबर असू शकतात. अशी सोय फार थोड्या भांडणांत असते.

हे संशोधन मुंबईतल्या एखाद्या क्लबात वाचून दाखवायचं धाडस कोणी करू नये. कारण तिथे लगेच मोठी नावं पुढे केली जातात. नावं खरोखर मोठी आहेत. स्नूकरचा जन्मच आपल्याकडचा, 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, 1964 साली पुन्हा झाले, आणि त्यांच्या नावाचा बिलियर्ड्स हॉल चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आहे. मुंबईच्याच मायकल फरेरांनी 1977, 1981 आणि 1983 साली ते विजेतेपद मिळवलं. 'त्यांची टिप कुठली होती?' हा क्लबातला हमखास प्रश्न. त्याला उत्तर म्हणून एक आकडा पुरेसा आहे. 1978 च्या राष्ट्रीय स्पर्धेत फरेरांनी एका ब्रेकमध्ये, म्हणजे इथे एका सलग खेळीत, 1,149 गुण केले. बिलियर्ड्समध्ये एका शॉटला जास्तीत जास्त दहा गुण, आणि एरवी दोन-तीन. म्हणजे न चुकता शेकडो शॉट, एका बैठकीत, एकाच चकतीने. मध्ये उठून त्यांनी टिप बदलल्याचं कोणी लिहिलेलं नाही.

तरीही एखाद्या स्पर्धेत कोणी बाहेरचा मुलगा येऊन जिंकला, की पंधरा दिवसांत क्लबातल्या निम्म्या क्यूंवर त्याची टिप दिसते. त्याची उभं राहण्याची पद्धत, त्याचा कोपर, त्याचे रोजचे चार तास यांतलं काहीच धोबी तलावला मिळत नाही. टिप मिळते. यातली गंमत अशी, की चांगल्या चामडी टिपला बसायला काही दिवस द्यावे लागतात. सुरुवातीला ती दबते, कडेने फुगते, एक-दोनदा छाटावी लागते, मग स्थिरावते. आमचा खेळाडू नेमकी ती फुगायला लागली की वैतागतो आणि नवी लावतो. वर्षभरात तो सहा जातींच्या टिपा वापरतो आणि त्यातली एकही त्याला खऱ्या अर्थाने भेटलेली नसते. मत मात्र सहाही जातींवर असतं.

तेव्हा हिशेब साधा आहे. मीडियम, मधल्या भावाची कुठलीही टिप घ्या. पूलच्या टिपचा माथा अमेरिकेत निकेल या पाच सेंटच्या नाण्याएवढा गोल ठेवतात. आपला 2011 साली आलेला एक रुपया व्यासाने जवळपास तेवढाच, 22 मिलीमीटरच्या आसपास, तेव्हा रुपयाची कड टिपवर ठेवून गोलाई ताडून पाहता येते. रुपयाला आता एवढंच काम उरलं आहे, ते त्याला करू द्या. दर शॉटला चॉक लावा, तो क्लबचा असतो. चमकली तर घासा. टोपीपर्यंत झिजल्याशिवाय बदलू नका. आणि राहवतच नसेल, बदलायचीच असेल, तर मे महिन्यात बदला. जून लागल्यावर लावलेली कोणतीही टिप या शहरात वाईटच ठरते.